सत्तरला थरथरणारं हँडल

मी एक जुनी, लांब पल्ल्याची मोटरसायकल आहे. दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीच्या तळघरात, एकोणीस नंबरच्या खांबाशेजारी मी उभी असते. माझ्या एका बाजूला कुणाची तरी व्यायामाची सायकल आहे. तिच्यावर आजवर फक्त ओले टॉवेल बसले आहेत. दुसऱ्या बाजूला एक मोठी चारचाकी आहे. ती दर रविवारी धुतली जाते आणि कुठेही जात नाही. मित्रांनो, या दोघींच्या मानाने माझं आयुष्य बरं गेलं असंच म्हणायला हवं. तरी मला थोडं कडू बोलायचं आहे, ते ऐकून घ्या.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला धीमं पण चिवट इंजिन मिळालं, दिवसभर बसलं तरी पाठ धरणार नाही अशी सीट मिळाली, आणि एक मजबूत मान मिळाली. मान म्हणजे सांगाड्याच्या पुढच्या टोकाची जाड नळी. तिच्यात वर एक आणि खाली एक अशी दोन बेअरिंगं बसवलेली असतात. माझं हँडल, पुढचे दोन्ही शॉकर आणि पुढचं चाक, सगळं त्या दोन बेअरिंगांवर फिरतं. मिस्त्री लोक त्याला 'कोन सेट' म्हणतात. मी मान म्हणते, कारण दुखायला लागली की ती मानेसारखीच दुखते.

आम्हा गाड्यांना तोंड नसतं. दिवा असतो, पण त्याने फक्त पुढचं दिसतं. हॉर्न असतो, पण दिल्लीत त्याचा अर्थ लावायला कुणी थांबत नाही. मला मालकाला काही सांगायचं असेल तर एकच सोय आहे, ती म्हणजे हँडल हलवायचं. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

माझे मालक अशोकराव. मूळचे चिंचवडचे. फरीदाबादच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागाचे प्रमुख आहेत. म्हणजे इतरांनी बनवलेल्या वस्तूंत दोष शोधणं हीच त्यांची नोकरी. त्यांच्या पत्नी विनयाताई शाळेत गणित शिकवतात. शनिवार-रविवारी अशोकराव मला घेऊन जयपूरला जात, कधी लॅन्सडाउनला जात. आणि दर फेब्रुवारीत, तीन दिवस जायला आणि तीन दिवस यायला, थेट चिंचवड. त्या सहा दिवसांसाठी मी उरलेले साडेतीनशे दिवस त्या टॉवेलांशेजारी काढत असे.

दिल्लीतल्या मराठी मोटरसायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. नाव 'सह्याद्री रायडर्स, एनसीआर'. सदस्य तेवीस, त्यातल्या चौघांकडे मोटरसायकल. अॅडमिन महेशजी. ते मूळचे महेशभाऊ, पण दिल्लीत वीस वर्षं काढल्यावर भाऊचा जी झाला. पहिल्या वर्षी चिंचवडहून येताना अशोकरावांनी त्यांच्यासाठी अर्धा किलो गोडा मसाला आणला. चूक तिथेच झाली.

दुसऱ्या वर्षी ग्रुपवर यादी आली. भाजणी, कुरडया, आमसुलं, मेतकूट. तिसऱ्या वर्षी पितळी पुरणयंत्र आणि बिडाची तीन आप्पेपात्रं. चौथ्या वर्षी कुणाच्या तरी सासूबाईंनी जपून ठेवलेला दगडी खलबत्ता. दिल्लीत यातलं काय मिळत नाही? सगळं मिळतं. फोनवर बोट टेकवलं की दहा मिनिटांत दारात येतं. पण ते 'तिकडचं' नसतं. आणि तिकडून कुणी येणार असेल तर त्याच्याबरोबर काहीतरी धाडलं नाही, तर धाडणाऱ्याला, आणणाऱ्याला आणि न मिळालेल्याला, तिघांनाही चुकल्यासारखं होतं. अशोकरावांना 'नाही' म्हणता येत नसे. ते म्हणत, "बघतो, बसलं तर." बसत नसेल ते बसवण्यासाठी मग माझ्या पाठीमागे अॅल्युमिनियमची एक मोठी पेटी आली.

त्या पेटीच्या झाकणाला आतून एक स्टिकर आहे. त्यावर लिहिलंय, जास्तीत जास्त वजन पाच किलो. झाकण उघडलं की तो अगदी समोर येतो. पण झाकण उघडणाऱ्याचं लक्ष नेहमी आपलं काय आलंय याकडे असतं.

कौतुकाला मात्र तोटा नव्हता. दसऱ्याला मला झेंडूचा हार घालत, दिव्यावर कुंकवाचं बोट लावत. एका दसऱ्याला महेशजींनी छोटंसं भाषणच केलं. ही नुसती गाडी नाही, ही आपली माहेरची वाट आहे, असं म्हणाले. पुरुषांना माहेर नसतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे पाणावले होते.

सातव्या वर्षीच्या फेब्रुवारीतली, चिंचवडहून परततानाची गोष्ट. विनयाताई मागे बसल्या होत्या, त्यांच्या पाठीशी पेटी, पेटीत बावीस किलो 'तिकडचं', त्यात पुन्हा आणखी एक खलबत्ता, पुरणयंत्र आणि आप्पेपात्रं. शाहपुऱ्याच्या पुढे टोलनाका दिसला, अशोकरावांनी अॅक्सिलरेटर सोडला, काटा नव्वदवरून खाली यायला लागला. सत्तरला आला आणि मी बोलले.

आधी नुसत्या मुंग्या आल्यासारखं झालं. मग हँडल डावीकडे-उजवीकडे भरभर हलायला लागलं, ओल्या कुत्र्याने अंग झाडावं तसं. अशोकरावांनी मुठी आवळल्या. काटा पन्नासखाली गेला तेव्हा ते थांबलं. मी काय सांगत होते ते अगदी साधं होतं. मागच्या चाकाच्याही मागे एवढं वजन लादलंत की माझं पुढचं चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. त्यात सात वर्षं स्पीडब्रेकर आणि खड्डे खाऊन मानेच्या बेअरिंगांना खळगे पडलेत. दोन कारणं. दोन्ही मला माहीत होती.

अशोकराव कडेला थांबले. उतरून त्यांनी टायर बघितले, दाबून बघितले. विनयाताई पाणी प्यायला जरा दूर गेल्यावर त्यांनी एक गोष्ट केली, ती फक्त मी पाहिली. दोन्ही हात समोर धरून ते हातांकडे बघत उभे राहिले.

त्यांच्या वडिलांना कंपवात होता. पंचावन्नाव्या वर्षी सुरू झाला, उजव्या हातापासून. शेवटी शेवटी शर्टाची बटणं अशोकराव लावून देत. अशोकराव आता त्रेपन्न वर्षांचे होते. त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती. थरथर गाडीत आहे की आपल्यात?

आता आमच्या मंडळींची पद्धत सांगते. आल्यावर पहिलं काम म्हणजे पार्सलं पोचती करायची. ग्रुप नोएडा, गुडगाव, फरीदाबाद असा चहूकडे पांगलेला, म्हणून वाटप कोपर्निकस मार्गावर, जुन्या सदनाच्या, म्हणजे आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या, फाटकाबाहेर, रविवारी सकाळी. लोक पिशव्या घेऊन येतात, पेटी रिकामी होते, मग वडा-सांबार खात माझी विचारपूस होते. अशोकरावांनी हँडलचं सांगितलं. महेशजी लगेच माझ्यावर बसले, इंडिया गेटपर्यंत जाऊन आले, आणि खाली उतरून म्हणाले, "कुठे हलतंय यार? बटर आहे बटर."

खलबत्ता तेव्हा तेवीसातल्या एकाच्या गाडीच्या डिकीत होता. पुरणयंत्र दुसऱ्याच्या.

मग माझी तपासणी सुरू झाली, आणि मित्रांनो, तिच्यात एक गंमत होती. मला वर्कशॉपमध्ये नेण्याआधी अशोकराव मला धुवून घेत, पेटी पुसून रिकामी करत. पाहुण्याकडे जाताना घाण कपडे घालून जाऊ नये, तसं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने मला अशी धुतलेली, रिकामी चालवली आणि कागदावर लिहिलं, दोष आढळला नाही. दुसऱ्याने पुढचा टायर बदलायला लावला. तिसऱ्याने चाकाचा तोल केला. चौथ्याने मानेचा नट असा आवळला की काही दिवस मी हळू वेगात प्यायल्यासारखी झोकांड्या खात चालले. थरथर मात्र दबली, म्हणून त्याचं नाव झालं. ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी व्हिडिओ धाडले, कुणी हवा कमी करा म्हणालं, कुणी हवा वाढवा. तेवीस जणांपैकी एकानेही विचारलं नाही की पेटीत काय होतं. कारण पेटीत काय होतं हे तेवीसही जणांना माहीत होतं, आणि प्रत्येकाचं त्यात फक्त एक-एक किलोच होतं.

मार्चमधल्या एका रविवारी अशोकरावांनी पुन्हा विषय काढला. महेशजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अशोकराव, हँडल नाही हलत. तुमचे हात हलतात. एज यार, एज. बिल्कुल नॉर्मल आहे."

सगळे हसले. अशोकरावही हसले. ते तेव्हा माझ्या हँडलला धरून उभे होते, आणि रबरी मुठीला पडलेला पीळ मला आठवडाभर जाणवत होता.

पुढच्याच गुरुवारी ते मला घेऊन एका इस्पितळात गेले. विनयाताई शाळेतून मेट्रोने आल्या. तासाभराने दोघं पार्किंगमध्ये आले, तेव्हा अशोकरावांच्या हातात फाइल होती. डॉक्टरांनी हात समोर ताणून धरायला लावले, हातांवर कागद ठेवून बघितला. मग हात मांडीवर सैल सोडायला सांगून शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाले. अशोकराव अठ्ठावन्नपर्यंत गेले. डॉक्टर हाताकडे बघत होते, उत्तरांकडे नाही. आत्ताच ठाम काही सांगता येत नाही, जूनमध्ये पुन्हा दाखवा, असं त्यांनी सांगितलं.

"'नाही' असं काही ते म्हणाले नाहीत," अशोकराव माझ्या सीटवर हात टेकून म्हणाले.

"'हो' असंही म्हणाले नाहीत. आणि शाहपुऱ्याला ते मलाही जाणवलं. माझे हात काय हँडलवर होते?"

"मागे बसलेल्याला हँडल हलतंय की कुणी हलवतंय, हे कसं कळणार विनया?"

विनयाताईंनी फाइल आपल्या हातात घेतली. त्या फक्त म्हणाल्या, "मग गाडी तरी पक्की दाखव. एक तरी गोष्ट यादीतून कमी होऊ दे."

फरीदाबादला अशोकरावांच्या कारखान्यामागच्या गल्लीत सतबीर नावाचा एक मिस्त्री आहे. साठीचा, हरियाणवी, बोलायला कंजूष. त्याच्या दुकानाला पाटी नाही. अशोकराव त्याच्याकडे गेले ते केवळ बाकी सगळे संपले म्हणून. सतबीरने मला हात लावला नाही, चाव्या घेतल्या नाहीत. आधी स्टुलावर बसून विचारलं, "जब हिली थी, तब इस पे के-के लदा था?"

तेवीस मराठी माणसांना, तीन मिस्त्र्यांना आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न सुचलेला, तेव्हा हिच्यावर काय काय लादलं होतं हा प्रश्न त्याने विडी पेटवायच्या आत विचारला. मला रडता येत असतं तर मी तेव्हा रडले असते.

अशोकराव आधी संकोचले. मग त्यांनी आठवून आठवून सांगितलं. भाजणी, खलबत्ता, आप्पेपात्रं. सतबीरला खलबत्ता कळला, आप्पेपात्र कळलं नाही. अशोकरावांनी हातांनी गोल दाखवलं. त्याने गोणीत जुनी दातेरी चाकं आणि चेनचे तुकडे भरले, काट्यावर घालून बावीस किलो मोजले, गोणी पेटीत टाकली आणि मला बायपासला घेऊन गेला. सत्तरला अॅक्सिलरेटर सोडला. मी जीव तोडून बोलले. तो हसला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं ऐकून हसलं होतं.

परत येऊन त्याने पेटी काढून ठेवली आणि पुन्हा गेला. थरथर पाऊण गेली, पाव उरली. "बारा आने बीमारी पेटी की, चार आने गड्डी की," तो म्हणाला. मग त्याने मला मधल्या स्टँडवर घेतलं, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा लावून पुढचं चाक अधांतरी केलं, आणि खाली बसून दोन्ही शॉकर धरून पुढे-मागे ओढले. आत टक् आवाज झाला. हँडल हळूहळू फिरवलं. बरोबर मध्यावर आल्यावर ते खळग्यात पडल्यासारखं अडकलं. "गरदन गई," सतबीर म्हणाला. त्यालाही मानच म्हणावंसं वाटलं.

दोन दिवस मी त्याच्याकडे होते. बेअरिंगांच्या वाट्या काढल्या तेव्हा ओळीने खळगे दिसत होते, लहान मुलाने ओल्या सिमेंटमध्ये बोटं खुपसावीत तसे. नवीन बेअरिंगं आली, ग्रीस भरलं. नट आवळून झाल्यावर सतबीरने हँडल मध्यावर धरून नुसतं सोडून दिलं. ते आपल्या वजनाने एका बाजूला अलगद गेलं. जास्त आवळलं तर जात नाही, सैल राहिलं तर आपटतं. मग त्याने अशोकरावांनाच मला चालवायला पाठवलं आणि बजावलं की सत्तरला मुठी सैल सोडा.

अशोकरावांनी मुठी सोडल्या. मी सरळ चालले. एकदा, दोनदा, पाचदा. परत आले तेव्हा हेल्मेटच्या आत त्यांचा चेहरा ओला होता. त्यांनी सतबीरला सगळं सांगून टाकलं. वडिलांचं, डॉक्टरांचं, महेशजींच्या विनोदाचं, सगळं हिंदीत, चुकत-माकत. सतबीर हात पुसत ऐकत होता. त्याला वाईट वाटलं असावं.

"साहब, थारे हाथ में कुछ ना सै," तो म्हणाला. "बीमार तो गड्डी थी."

मित्रांनो, त्याने माझ्याबद्दल जे सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं. अशोकरावांच्या हाताला काही झालेलं नाही असं जे सांगितलं, ते एका भल्या माणसाने दुसऱ्या भल्या माणसाला सांगितलं होतं. पण त्या दिवशी अशोकरावांना या दोन वाक्यांतला फरक दिसला नाही. दोष शोधण्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला दिसला नाही. एक कारण सापडलं आणि त्यांनी तपासणी बंद केली.

ग्रुपवर त्यांनी सविस्तर लिहिलं. स्टिकरचा फोटो टाकला. यापुढे पेटीत पाच किलोच्या वर काही घेणार नाही, असं लिहिलं. एकजण म्हणाला, आमचं तर अर्धा किलोच असतं. दुसऱ्याने विचारलं की साइडच्या पेट्यांना स्टिकर आहे का. महेशजींनी हात जोडल्याचं चित्र धाडलं आणि पुढच्या महिन्यात यादी गुडगावच्या सुयशकडे गेली. त्याने नुकतीच नवी, मोठी मोटरसायकल घेतली होती. दसऱ्याला झेंडूचा हार त्याच्या गाडीला गेला. मला त्याचं फार दुःख नाही. पेटीशिवाय पाठ मोकळी वाटते.

जून आला. विनयाताईंनी इस्पितळाच्या तारखेची आठवण करून दिली. तळघरातच, मला पुसताना अशोकराव म्हणाले, "कशाला? सापडलं ना कारण?" महेशने काय नाचक्की केली होती, आणि शेवटी कोण बरोबर निघालं, हेही म्हणाले. ते इतके खुशीत होते की विनयाताईंनी ती तारीख जाऊ दिली. महेशजींना खोटं पाडण्याचा आनंद त्यांना पाच महिने पुरला.

आता ऑक्टोबर आहे. गेल्या रविवारी आम्ही जयपूरच्या रस्त्याला होतो. मी सत्तरला सरळ, नव्वदला सरळ. अशोकराव मध्येच मुठी सोडून विनयाताईंना दाखवत होते. बावलजवळ एका धाब्यावर थांबलो. इंजिन बंद, दोन्ही चाकं जमिनीवर, स्टँड लावलेलं. अशोकराव माझ्यावरच बसून राहिले, उजवा हात सैल सोडून टाकीवर ठेवला. समोर ट्रक जात होते, ते बघत होते.

टाकीवर हलकीशी टकटक व्हायला लागली. अंगठा आणि पहिलं बोट. सेकंदाला चार-पाच वेळा, अगदी एका लयीत.

थरथरीतलं मला कळतं, मित्रांनो. तिच्यात मी दोन-तीन महिने काढले आहेत. माझी थरथर सत्तरला यायची, मूठ आवळली की दबायची. ही शून्याला येते, हात कामाला लागला की जाते. अशोकरावांनी मोबाइल उचलला, टकटक थांबली. ठेवला, पुन्हा सुरू झाली. त्यांचं लक्ष नव्हतं. महेशजी तेव्हा बरोबर बोलले होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी आपली आप्पेपात्रं वाचवायला ते वाक्य फेकलं होतं. पण म्हणून ते खोटंच निघायला हवं, असा काही नियम नाही.

मी सांगायला हवं होतं. पण सांगणार कशाने? माझं हँडल आता हलत नाही. सतबीरने फार चांगलं काम केलं आहे.

म्हणून हे तुम्हाला सांगते. तुमच्या घरी गाडी असेल तर तिच्या पेटीवरचा स्टिकर वाचा, आणि ती जशी बिघडते तशीच भरून मिस्त्रीला दाखवा, धुवून-पुसून नव्हे. पण एवढ्यावर थांबू नका. एक दोष सापडला की माणसाला फार बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याच्या आडोशाला दुसरा दोष निवांत बसून राहतो. तुमच्या घरातलं कुणी स्वस्थ बसलेलं असेल, हातात काही नसेल, तेव्हा त्या हाताकडे एकदा बघा. हसू नका, आणि काही नाही असंही लगेच म्हणू नका. डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळायला लावा.

धाब्यावर विनयाताई चहा घेऊन आल्या. त्यांचा पेला काठोकाठ होता, अशोकरावांचा अर्धा.

"अर्धाच?" अशोकरावांनी विचारलं.

"संपव. मग अजून देते," त्या म्हणाल्या, आणि टाकीवरच्या हाताकडे एकदा बघून पेला त्यांच्या डाव्या हातात दिला.